वनविहारातली मादी आणि खुरटं बोट

सोलापूर जिल्ह्याच्या पक्षीसूचीसाठी आलेल्या नोंदी तपासताना एका सकाळी सिद्धेश्वर वनविहारातली छायाचित्रं समोर आली. खाली लिहिलं होतं, 'तीनबोटी सोनपाठी सुतार'. हा पक्षी पश्चिम घाटातल्या ओल्या जंगलाचा. आपल्या बाभळी-कडुलिंबाच्या कोरड्या मुलखात तो निघाला असता तर ती मोठीच बातमी होती, म्हणून हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली.

पाठवणाऱ्याचा सगळा भर पायावर होता. खोडाला चिकटलेल्या पायाची तीनच बोटं दिसत होती, आणि ते खरंही होतं. पण बोटं मोजून तीनबोटी आणि आपल्याकडचा साधा सोनपाठी या दोघांचा निकाल लावणं धोक्याचं. तीनबोटीला (डायनोपियम जावानेन्स) पहिलं बोट नसतंच. आपल्या नेहमीच्या सोनपाठीला (डायनोपियम बेंगालेन्स) चार बोटं असतात, पण त्यातलं पहिलं इतकं खुरटं की सालीच्या खाचेत गेलं की संपलं. चारही बोटं दिसली तर तीनबोटी बाद होतो. तीनच दिसल्यास काहीच ठरत नाही.

म्हणून गळ्याकडे वळलो. सोनपाठीचा गळा काळा, त्यावर पांढरे ठिपके. तीनबोटीचा गळा पांढुरका, मधोमध काळी रेघ, शिवाय चोचीच्या मुळापासून मानेकडे उतरणारी काळी मिशी. इथे गळा सावलीत होता. मूळ फाइल मागवून सावली थोडी उजळली, तेव्हा ठिपके उमटले. जास्त उजळू नये. काळा रंग तपकिरी होतो आणि नसलेल्या रेघा दिसू लागतात. खांद्याच्या काळ्या पिसांवरही पांढरे ठिपके होते, जे तीनबोटीला नसतात.

डोक्याने शंका पुरती मिटवली. कपाळ काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं, आणि मागचा तुरा लाल: ही सोनपाठीची मादी. तीनबोटीच्या मादीचं डोकं पुढून मागेपर्यंत काळं, पांढऱ्या रेघांचं. लाल रंगाचा पत्ता नाही. पक्षी नर असता तर ही खूण मिळाली नसती, कारण लाल तुरा दोन्हीकडच्या नरांना असतो.

कमरेचा रंग मी शेवटी पाहिला. सोनपाठीची कंबर काळी, तीनबोटीची लाल. बसलेल्या पक्ष्याचे सोनेरी पंख ती झाकतात, आणि तिरप्या उन्हात त्यांची कडा तांबूस दिसते. झेप घेतानाच्या एका चित्रात पंख उघडले होते. कंबर स्वच्छ काळी.

खरं तर आपल्या भागात सोनपाठीशी घोळ व्हायचाच तर तो पांढऱ्या मानेच्या सुताराशी व्हावा. तो कोरड्या जंगलात राहतो. त्याची मान मागून पांढरी, मादीचा तुरा पिवळा. तोही ताडून पाहिला. जुळला नाही.

नोंद 'सोनपाठी सुतार, मादी' अशी घेतली. पाठवणाऱ्याला कळवलं: पुढच्या वेळी गळ्याचं एक चित्र बाजूने आणि एक उडतानाचं घ्या, आणि फाइल न कापता पाठवा.