ब्रूजची काडीमोड

दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मध्ययुगीन युरोप शिकवताना फळ्यावर ‘होमेज’, म्हणजे धन्याच्या हातात हात देऊन इमान वाहण्याचा विधी, असं लिहिलं, की मागच्या बाकावरून येतं: “मॅडम, नुसते हात हातात दिले म्हणून कोण इमानी राहणार? मोडायचं तो मोडेलच की!”

त्यावर मी ब्रूजचं सांगते. ब्रूज म्हणजे आजच्या बेल्जियममधलं एक शहर. २ मार्च ११२७. ब्रूज ज्यात येतं त्या फ्लँडर्स प्रांताचा काउंट, म्हणजे तिथला सत्ताधीश, चार्ल्स चर्चमध्ये प्रार्थना करत होता, तिथंच त्याच्या पदरच्या माणसांनी त्याला कापून काढलं. दफ्तरातला गॅल्बर्ट नावाचा कारकून त्या धामधुमीतही मेणाच्या पाट्यांवर टिपणं घेत राहिला, म्हणून पुढचं इतकं बारकाईनं कळतं.

७ एप्रिलला नवा काउंट विल्यम क्लिटो सरदारांकडून इमान घ्यायला बसला. तो विचारी, पूर्णपणे माझा माणूस होतोस? सरदार म्हणे, होतो. मग त्याचे जोडलेले हात काउंट आपल्या दोन्ही हातांत घेई आणि दोघं एकमेकांचं चुंबन घेत. पुढे तोंडी वचन, संतांच्या अस्थींवर शपथ, आणि शेवटी काउंट हातातल्या छडीनं जहागीर बहाल करी. ‘होमेज’ हा शब्दच ‘माणूस’वरून आलाय. ‘हा साहेबांचा माणूस’ असं कुणी म्हणालं, की मला ते हात दिसतात. लिहिता-वाचता येणारे थोडे. साक्षीदारांच्या डोळ्यांत राहील असंच काहीतरी करणं भाग होतं.

आता मोडायचं. मार्चमध्येच खुनी ब्रूजच्या गढीत अडकले होते. वेढा घालणाऱ्यांत असेही होते, ज्यांनी पूर्वी आतल्यांनाच इमान दिलेलं. तसंच चालून जाणं म्हणजे फितुरी. त्यांनी काड्या उचलल्या आणि टाकून दिल्या. संपलं इमान! गॅल्बर्टनं यासाठी वापरलेल्या लॅटिन क्रियापदातच ‘काडी’ आहे. इथं वर्गात कुणीतरी ओरडतंच, “म्हणजे काडीमोड!” अगदी तेच. ब्रूजचा आपल्याकडच्या, काडी मोडून नवरा-बायकोची फारकत करणाऱ्या पंचांशी काडीचाही संबंध नाही, तरी मला याहून चपखल शब्द सापडलेला नाही.

तर मोडणारे मोडत, पण चारचौघांत. क्लिटोलाही ते चुकलं नाही. पुढच्याच वर्षी आल्स्टचा इव्हान आणि डेंडरमोंडचा डॅनियल या सरदारांनी दूत पाठवून त्याच्याशी रीतसर इमान तोडलं. जुलैत आल्स्टच्याच वेढ्यात तो जखमी होऊन मेला.

“मग जहागीर परत करायची का, मॅडम?” हा त्यानंतरचा प्रश्न. त्यावरून तर लढाया झाल्या.