छपराखालची मंडई

पुण्याच्या दिनदर्शिकांवर महात्मा फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा हमखास असतो आणि त्याच्या पायाशी बहुधा एकही भाजीवाली नसते. मंडईत माणूस नाही अशी वेळ या छायाचित्रकारांना सापडते तरी कधी, याचे मला फार कुतूहल आहे. जुन्या बाजारपेठांचा वारसा जपण्याची भाषा सुरू झाली की आपलीही नजर अशीच वर, कमानींकडे आणि शिखराकडे जाते, आणि खाली ओट्यावर बसलेला बाजार तेवढा नजरेतून सुटतो.

शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरणारा बाजार शुक्रवार पेठेत छपराखाली आणण्यासाठी नगरपालिकेने ही काळ्या दगडाची इमारत बांधली. १८८६ साली ती खुली झाली, तेव्हा तिला त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटला फुल्यांचेच नाव मिळाले. हा पुणेरी न्याय स्वतः जोतीरावांना कितपत रुचला असता, कोण जाणे! मला मात्र त्यांचा तो विरोध या वास्तूच्या वारशाचाच भाग वाटतो, कारण पैसा इमारतीवर घालावा की माणसांवर, हा प्रश्न इथे पहिला दगड बसण्याआधीच विचारला गेला होता.

ओट्यावरच्या वारशाची ओळख करून घ्यायची असेल, तर ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी जावे. बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, हा त्या दिवसाचा दंडक असल्याने अळू, लाल माठाचे जाड देठ, सुरण, अंबाडी, कोवळी मक्याची कणसे, भोपळा असा एरवी एकत्र न दिसणारा सगळा गोतावळा त्या दिवशी एकेका ओट्यावर मांडलेला असतो, आणि नव्याने संसाराला लागलेल्या मुलीने नुसते ‘ऋषीची भाजी करायची आहे’ एवढे म्हटले की समोरची मावशी काय, किती आणि कशाबरोबर घ्यायचे, हे तिला न विचारता सांगते. वर ‘अळू धुताना हाताला चिंच लाव गं, नाहीतर खाजेल’ हेही बजावते. हे ज्ञान कोणत्याही वारसायादीत नोंदवलेले नाही. संक्रांतीला सुगडात घालायचे हरभऱ्याचे घाटे, बोरे आणि उसाचे करवे, पितृपक्षातली कारली, भेंडी आणि गवार हे सारे पंचांगही तिच्या टोपलीतूनच पुढे सरकत असते. मोबाइलवर मागवलेली भाजी दहा मिनिटांत दारात येते हे खरे, पण ती तिथी पाळत नाही.

शेजारच्या तुळशीबागेचेही असेच आहे. पेशवाईतले सरदार नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेल्या राममंदिराभोवती देवांचे कपडे, समया, पितळी भातुकली आणि बांगड्यांची दुकाने इतकी दाटली आहेत की कित्येक गिऱ्हाइकांना आत मंदिर आहे याचाच विसर पडतो. काहींना ही दाटी म्हणजे अतिक्रमण वाटते. रस्ता अडवणाऱ्या पथारीचे समर्थन मीही करणार नाही, परंतु दुकाने उठवून मोकळ्या केलेल्या मंदिराला तुळशीबाग म्हणणे मला तरी जड जाईल.

बदल तर होतच आले आहेत. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्याला कित्येक वर्षे झाली. मंडईलगतचे आर्यन चित्रपटगृह पडून तिथे वाहनतळ झाला. आणि २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो थेट मंडईखाली येऊन थांबली. मेट्रोचे मी स्वागतच करतो. गाडी लावायला जागा नाही, या सबबीवर मंडईकडे पाठ फिरवणारी मंडळी आता पिशवी घेऊन जिन्याने वर येऊ शकतील. मात्र त्याच सोयीमुळे आसपासच्या जागांचे भाव वाढतात, गाळ्यांमधून भाजी हटून मोबाइलची आवरणे येतात, आणि दर्शनी भाग जसाच्या तसा राखूनही बाजार आतून पार बदलून जातो.

म्हणूनच संवर्धनाच्या अंदाजपत्रकात मनोऱ्याच्या डागडुजीबरोबर काही अगदी नीरस कलमे असावीत, असे मला वाटते: गळणारे छप्पर, पहाटे माल उतरवायला राखीव जागा, देठापाल्याचा कचरा दिवसातून दोनदा उचलण्याची व्यवस्था, आणि दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या बायकांसाठी जवळच, पाणी असलेले स्वच्छतागृह. शिवाय आईच्या पश्चात ओट्याचा परवाना मुलीच्या नावावर करून घेताना तिला कार्यालयाचे खेटे घालावे लागू नयेत. या कलमांची छायाचित्रे दिनदर्शिकेवर छापता येत नाहीत, त्यामुळे ती मंजूर करून घ्यायला नगरसेवकाच्या मागे आपल्यासारख्या गिऱ्हाइकांनाच लागावे लागेल. आणि चार आण्यांसाठी भाजीचा भाव पाडून घेण्याची ज्यांची परंपरा आहे, त्यांना ही घासाघीस जमायला हरकत नसावी.