साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो का?

केमोच्या वॉर्डात मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे हे मला सतत विचारलं जातं. बहुतेक वेळा आईच विचारते, पोराचा गोड शिरा आधीच बंद करून.

कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात, हे खरंच आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी ते १९२० च्या दशकात दाखवलं होतं आणि पेट स्कॅनमध्ये (ग्लुकोजसारखं किरणोत्सारी द्रव्य टोचून काढतात त्या चित्रात) गाठ उजळते तीही त्यामुळेच. पण आपण साखर सोडली म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करत राहतं, वेळ पडली तर स्नायू मोडूनसुद्धा. वाळतं ते पोर.

पेशीची रसद तोडता येते, पण ती औषधानं. या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईतली आहे. १९३० च्या सुमारास इंग्रज डॉक्टर ल्यूसी विल्स इथल्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया अभ्यासत होत्या. तो यीस्टच्या अर्कानं बरा व्हायचा. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे एक ब जीवनसत्त्व; गोळीतलं फॉलिक ॲसिड त्याचंच रूप. नव्या पेशीला डीएनए घडवायला ते लागतंच. पुढे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं अमेरिकेत अमिनोप्टेरिन हे औषध बनवलं. दिसायला ते फोलेटसारखंच, पण कुलपात खोटी किल्ली अडकावी तसं काम थांबवणारं. बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, मुलांना दिलं. १९४८ साली त्यांनी लिहिलं, १६ पैकी १० मुलं सुधारली. ती सुधारणा टिकली नाही, पण तोवर हातात काहीच नव्हतं. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आम्ही आजही देतो.

मला त्याहून थक्क करतं ते ॲस्पॅराजिनेज हे औषध. ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल आपल्या बहुतेक पेशी स्वतः बनवतात. मुलांमधल्या ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातून उचलतात. हे इंजेक्शन रक्तातलं ॲस्पॅराजिनच तोडून टाकतं. नेमकी तीच पेशी उपाशी! ताटातून हे साधत नाही, कारण ॲस्पॅराजिन शरीर स्वतःच तयार करतं. या औषधानं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून पोर पोट दुखतंय म्हणालं तर लगेच सांगा.

शिरा द्या. वरण-भात, अंडं, पालेभाजी, सगळं द्या. फक्त मेथोट्रेक्सेट चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय फॉलिक ॲसिडची गोळी किंवा टॉनिक देऊ नका.