मीच नेक्स्ट दाबलं

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाहीये आणि कारण इतकं फालतू आहे की बायकोला सांगायचीही लाज वाटतेय. सकाळी गाडीत मी नेक्स्ट दाबलं. बस, एवढंच.

भाच्याला इथे इंदूरमध्येच भंवरकुआंला क्लासला सोडायला निघालो होतो. माझ्या खटाऱ्यात अजून सीडी चालते आणि गेले आठ दिवस त्यात निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' पडून आहे, दादाची, डबीला तडा गेलेली तीच. नवलख्याच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबला आणि नेमकं तिथेच शेवटचं गाणं संपलं, ते चेलोवालं, पुटपुटल्यासारखं. मग ती शांतता सुरू झाली. ज्यांनी सीडी ऐकलीये त्यांना माहीत आहे, साधारण दहा मिनिटं काहीच नाही, नुसते डिस्प्लेवर आकडे सरकत राहतात आणि मग एकदम अंगावर येतं 'एंडलेस, नेमलेस', लपवलेलं गाणं.

या पोराला मी तीन वर्षं डोस पाजतोय की अल्बम पूर्ण ऐकायचा असतो, गाणी वेचून खायला ते काय चिवड्यातले शेंगदाणे आहेत का. आणि आज तो खरंच बसला होता. मांडीवर बॅग, फोन पालथा, खिडकीबाहेर बघत, गप्प. डिस्प्लेवर 5:10 झाले होते, म्हणजे गाणं संपून जेमतेम सव्वा मिनिट, आणि माझं बोट गेलं. गाणं, शांतता आणि ते लपलेलं गाणं सगळा एकच ट्रॅक असल्यामुळे प्लेअर सरळ पहिल्या गाण्यावर जाऊन पडला आणि ती जगाला पाठ असलेली गिटार सुरू.

"मामा, ते शेवटचं यायचं होतं ना?"

मी म्हटलं क्लासला उशीर होईल. आता ह्याला काय अर्थ आहे, गाडी हलतच नव्हती.

का दाबलं हेच कळत नाहीये. कंटाळा आला म्हणावं तर सव्वा मिनिटात कसला आलाय कंटाळा. त्याच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं, ताईने सांगितलंही होतं, त्या टेस्टच्या मार्कांबद्दल. जाऊ दे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला तरी कुठे माहीत होतं. 1999, मी अकरावीत, दादाने सीडी मुंबईहून आणलेली. रामबागेतल्या वरच्या खोलीत दुपारी लावली, संपली असं समजून सिस्टिम तशीच ठेवली आणि जिन्यात बसून सेव-परमल खात होतो. आणि मग आतून तो आवाज. खालून आई ओरडली, "अरे मोटर बंद करा, जळली ती!" त्या दिवशी नळाला नर्मदेचं पाणी यायचं होतं ना. दादा हसून हसून जिन्यावर आडवा झाला होता. पुढे कितीतरी वर्षं कुठलंही भयंकर गाणं लागलं की आम्ही एकमेकांना मोटर जळली म्हणायचो. आता नाही म्हणत. त्या कागदांच्या भानगडीनंतर आता काहीच नाही म्हणत.

ते गाणं मुळात वैतागातून आलंय, 'लिथियम' हे गाणं मनासारखं जमेना म्हणून निर्वाणाच्या कोबेनने वाजवता वाजवता गिटार फोडली, रेकॉर्डिंग चालूच होतं. आणि गंमत म्हणजे 1991 मधल्या सुरुवातीच्या प्रतींवर ते चुकून राहूनच गेलं होतं. म्हणजे त्या लोकांनी शांतताही नाही ऐकली आणि गाणंही नाही. मी त्यांच्यातलाच झालो की, फरक इतकाच की त्यांना दिलंच नव्हतं आणि मला दिलेलं मी पुढे ढकललं.

असल्या गोंगाटवाल्या लोकांना गप्प बसण्याचं फार असतं, हे मी आजवर किती जणांना ऐकवलंय. कॉर्न बँडचा 'फॉलो द लीडर' घ्या, 1998 चा, पहिले बारा ट्रॅक रिकामे, पाच-पाच सेकंदांचे. बाराव्यानंतर मिनिट भरतं. कॅन्सरने गेलेल्या एका चाहत्या मुलासाठी पाळलेलं मिनिट आहे ते, संगीत सुरू होतं थेट तेराव्या नंबरला. हे मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलंय, समोरचा श्रीखंडात पुरी बुडवून माझ्याकडे बघत राहिला होता. सांगताना माझा गळा दाटून येतो, आणि ऐकताना, आता खरं लिहितोय तर लिहूनच टाकतो, गेली चार-पाच वर्षं मी सरळ तेरा नंबर लावतो.

म्हणजे मी ऐकणारा राहिलेलो नाहीच, नुसता सांगणारा झालोय. किर्तनकार. बेचाळिसाव्या वर्षी काळ्या टी-शर्टातला किर्तनकार, आणि टी-शर्टही आता पोटावर आखूड होतो.

सकाळी लिहितोय. साडेसहाला उठून सीडी घरात आणली, हेडफोन शोधला, दार लोटलं. आज पूर्ण दहा मिनिटं, फोन स्वयंपाकघरात ठेवून. शेवटचं गाणं संपलं. शांतता. पंखा. खाली कुणीतरी स्कूटरला किक मारतंय. सात मिनिटांपर्यंत मी अगदी शहाण्यासारखा बसलो होतो आणि मग आली कचरागाडी, तिचं ते गाणं वाजवत, हेडफोनमधूनही शब्द न् शब्द कळत होता. बायको आंघोळीला. आता इंदूरमध्ये राहून कचरागाडी सोडायची म्हणजे दिवसभर घरात ओला कचरा, आणि बोलणी वेगळीच. दोन्ही डबे घेऊन पळालो. खाली गाडीवाल्या भियाने सुक्या कचऱ्यात एक केळ्याचं साल शोधून काढलं, त्यावर दोन वाक्यं झाली. वर येईपर्यंत सुरू होऊन गेलं होतं, मध्यावर होतं.

दुपारी भाच्याला फोन करून म्हटलं, रविवारी ये, नीट लावू, शेवटपर्यंत.

"अरे मामा, मी ऐकलं ते कालच, क्लासमध्ये. फोनवर वेगळं गाणं म्हणूनच आहे ना."

"मग?"

"ठीक आहे."

ठीक आहे म्हणे.