चार्जर आला, पण वीज कुठंय?

आमच्या पार्ल्यात ईस्टला, हायवेच्या सर्व्हिस रोडजवळच्या एका पेट्रोल पंपावर इलेक्ट्रिक गाड्यांचं फास्ट चार्जिंग स्टेशन होणार असं २०२५ च्या मार्चमध्ये कानावर आलं आणि तेव्हापासून मी जाता-येता तिथं डोकावायला लागले. कारण सरळ आहे, आमची बिल्डिंग जुनी, पार्किंग म्हणजे कंपाउंडमध्ये ज्याला जिथं मिळेल तिथं, सोसायटीत चार्जर लावायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये दोन तास भांडण आणि मग चहा-बिस्किटं. मग काय, मॉलच्या बेसमेंटमध्ये गाडी लावा, पार्किंगचे पैसे वेगळे मोजा आणि नको असलेली खरेदी करून घरी या.

तर पहिल्यांदा हवा भरायच्या मशीनशेजारचे पेव्हर ब्लॉक उखडले, मग अर्थिंगचे खड्डे घेतले. मला वाटायचं अर्थिंग म्हणजे मीठ-कोळसा, आता गोण्यांतून तयार पावडर येते, ती रॉडभोवती ओततात, पाणी मारतात आणि वर सिमेंटचं झाकण. मग चार्जर उभे करायचा चौथरा. इथं खरी गंमत झाली. फळ्या लावून झाल्या होत्या, साधारण फूटभर उंचीच्या, आणि पंपावरचे एक जुने काका आले, मागच्या भिंतीवर पार छातीपर्यंत हात नेला आणि म्हणाले, "पाणी इथवर होतं." २६ जुलैचं हो. २००५ ला आमच्या शेजारच्या सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, पार्लेकराला वेगळं सांगायला नको. सुपरवायझर म्हणाला, काका, ड्रॉइंगमध्ये फूटभरच आहे. काका म्हणाले, ड्रॉइंगवाल्याला जुलैमध्ये बोलाव की एकदा. पुढच्या आठवड्यात बघते तर फळ्या चांगल्या दीड-दोन फूट वर चढलेल्या. छातीपर्यंत नाही, पण दरवर्षीच्या तुंबलेल्या पाण्याला पुरेल.

मे महिन्यात चार्जर आले, दोन उभी कपाटं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. झालं, ग्रुपवर फोटो, अभिनंदन, "आता घराजवळ सोय झाली" वगैरे. मी सुपरवायझरला विचारलं कधी सुरू? तो हसला. "ताई, हे तर सगळ्यात सोपं काम. ट्रकमधून उतरवायचं आणि बोल्ट मारायचे. करंट कुठून आणायचा ते बोला."

आणि हेच कुणाच्या लक्षात येत नाही. घरी आपण गाडीला एसी करंट देतो, म्हणजे सॉकेटमधला, ३.३ नाहीतर ७.२ किलोवॅट, त्याचा बॅटरीला चालणारा डीसी करंट करायचं काम गाडीतला छोटा चार्जर करतो, म्हणून रात्रभर लागते. फास्ट चार्जरमध्ये ते काम बाहेरच्या कपाटात होतं, आणि डीसी थेट बॅटरीत. म्हणूनच तो पंखे घुमवत बसतो. इथली कपाटं १२० किलोवॅटची. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट खातो, म्हणजे एक कपाट फुल चाललं की ऐंशी एसी एकदम लावल्यासारखं, आणि अशी दोन! पंपाच्या जुन्या कनेक्शनवर हे कसं निघणार, त्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर पाहिजे आणि त्याच्यापर्यंत ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, केबल पाहिजे. केबल रस्त्याच्या पलीकडून येणार. आणि रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला! नवीन काँक्रीट पालिका फोडू देत नाही (बरोबरच आहे, किती वर्षं खड्ड्यांतून गेलोय आपण), त्यात पावसाळा तोंडावर, म्हणजे बाकीचं खोदकामही थेट ऑक्टोबरपर्यंत बंद.

मग पूर्ण पावसाळा कपाटं तशीच उभी. पंपावरची पोरं त्यावर डबे ठेवायची. त्याच ऑगस्टमध्ये तिकडे बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) टेस्लाचं स्टेशन सुरू झालं, २५० किलोवॅटचे चार चार्जर, युनिटला २४ रुपये, आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोल माफ झाला. पेपरात वाचायला बरं वाटतं. टोल माफ, पण सेतूवर जायला आधी गाडीत चार्ज पाहिजे ना राव.

केंद्राच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये होतं की शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात निदान एक स्टेशन असावं. नकाशावर चौकोन आखायला काय जातंय. माझं म्हणणं एवढंच की उद्घाटनाच्या बातमीत किती चार्जर "बसवले" ते सांगूच नका, किती चालू आहेत ते सांगा.

ऑक्टोबरमध्ये आडवं ड्रिल करायचं मशीन आलं. हे बघण्यासारखं असतं. या बाजूला खड्डा, त्या बाजूला खड्डा, मधे रस्त्याला ओरखडाही नाही, आणि खालून रॉड ढकलत नेतात. पलीकडच्या खड्ड्यातून आधी राखाडी चिखल वर आला, मग ड्रिलचं टोक, मग त्यालाच काळा जाड पाइप बांधून उलटा ओढून आणला. मी दूध घ्यायला निघाले होते, तासभर तिथंच, माझ्यासोबत दोन रिक्षावाले आणि एक आजोबा, प्रत्येकाचं आपापलं मार्गदर्शन चालू. केबल रात्री ओढली. फुटपाथच्या कडेला जिथं चर होता तिथं वाळू, वाळूवर विटा, म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल.

पुढे ट्रान्सफॉर्मर, विद्युत निरीक्षकाची तपासणी, मीटर. त्यात दिवाळी गेली, डिसेंबर आला. वीज कंपनीचा माणूस येतो म्हणायचा आणि यायचा नाही, ते जाऊ दे.

आता सुरू आहे. कपाटाला दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग, दोन गाड्या लागल्या की ६०-६० किलोवॅट. माझी गाडी तशीही पन्नासच्या वर घेत नाही, त्यामुळे मला फरक पडत नाही. भाव घरच्या बिलापेक्षा बराच जास्त, वर १८ टक्के जीएसटी. संध्याकाळी सगळ्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्या असतात, आणि त्यांना नावं ठेवू नका, त्यांच्यामुळेच हे चालणार आहे, आपण आठवड्यातून एकदा जाणार. फक्त ऐंशी टक्क्यांनंतर स्पीड पडतो तेव्हा गन काढा की हो, परवा एक साहेब ९४ वर होते आणि सीट मागे टाकून घोरत होते, काचेवर टकटक केली तर म्हणे शंभर होऊ दे. आणि ॲपच्या वॉलेटमध्ये घरूनच पैसे भरून जा, तिथं पुलाखाली नेटवर्क गचाळ आहे.