54 जीबी गेले कुठे?

रविवार, रात्रीचे साडेबारा

उद्या फर्स्ट शिफ्टला अंबडला जायचंय आणि मी घरच्या सर्व्हरचा आजचा घोळ लिहीत बसलोय, पण आत्ता नाही लिहिलं तर सहा महिन्यांनी हाच घोळ परत घालीन आणि परत पहिल्यापासून डोकं खाजवत बसेन, अनुभव आहे.

सकाळी दादाचा फोन. तिकडे पिंपळगावला द्राक्षबागेत पानांवर काहीतरी दिसत होतं, त्याला मागच्या वर्षीच्या याच दिवसातले फोटो हवे होते, भुरी (बुरशीचा रोग) तेव्हा कशी सुरू झाली होती ते बघायला. "अरे तुझं ते ॲप नुसतं गोल गोल फिरतंय, फोटो येईना." मी म्हणलं नेट स्लो असेल तिकडे. (हे आपलं पहिलं उत्तर, कायम.) दादा म्हणे नेट चालू आहे, तुझाच डबा बंद दिसतोय.

डबा म्हणजे आमचा सर्व्हर, घरात कायम चालू असणारा कॉम्प्युटर. नाव आईने ठेवलंय. जुना आय थ्री लॅपटॉप, मुलीच्या हातून स्क्रीन फुटली, एमजी रोडच्या रिपेअरवाल्याने स्क्रीनचा जो भाव सांगितला तो ऐकून मी स्क्रीनच खोलून काढून टाकली, रॅम 8 जीबी केली, 240 जीबीची एसएसडी डिस्क टाकली आणि 2023 ला डेबियन 12 हे लिनक्स नवं नवं आलं तेव्हा ते टाकून चपलांच्या कपाटावर राउटरशेजारी ठेवून दिला, तेव्हापासून तिथेच आहे. बॅकअपला 2 टीबीची मोठी हार्डडिस्क, तिला वेगळा अडॅप्टर लागतो (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे). दोन्ही मिळून 17-18 वॉट खातात, मी मीटर लावून बघितलंय, म्हणजे महिन्याला साडेबारा युनिटच्या आसपास. बायकोला हा हिशोब मी इतक्या वेळा सांगितलाय की ती आता पाठ म्हणून दाखवते.

गंमत म्हणून सुरू केलं होतं. आधी नुसतं पाय-होल, जाहिराती बंद करायला. मग जेलीफिन, गाणी-व्हिडिओ घरातूनच लावायला, त्यावर आईचे हरिपाठाचे रेकॉर्डिंग. मग इमिच, सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप घरातच जमा व्हायला. दादा गावाकडून थेट येऊ शकत नव्हता कारण आमचा केबलवाला स्वतंत्र आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देत नाही, एका आयपीमागे अख्खी गल्ली बसवलेली असते, मग बाहेरूनही घरच्या नेटवर्कमधे शिरता यावं म्हणून टेलस्केल टाकलं त्याच्या मोबाइलमधे. त्याने तर छाटणी झाली की दर चार दिवसांनी पानाचे फोटो, वरून एक आणि पान उलटं करून एक, असं दोन वर्षं चालवलंय. मी खेळत होतो आणि घरचे वापरायला लागले. कधी हे झालं कळलंच नाही. आधी डबा बंद पडला तर मला मजा वाटायची, चला आज काहीतरी शोधायला मिळालं. आता डबा बंद पडला की अख्ख्या घराचं नेट बसतं (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारं डीएनएस पाय-होलच आहे ना) आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "अहो, काही केलंत का परत?"

तर सकाळी एसएसएच केलं, आत शिरलो. फाइलचं नाव पूर्ण करायला टॅब दाबला तर त्यावरच एरर, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. टॅब दाबायला पण जागा नाही! डीएफ मारलं, म्हणजे डिस्क किती भरली ते विचारलं. रूट पार्टिशन, म्हणजे एसएसडीचा मुख्य भाग, 100 टक्के. उपलब्ध शून्य. डेटाबेस त्यामुळेच झोपला होता, त्याला लिहायलाच जागा नव्हती, आणि डेटाबेस नाही म्हणून इमिच नाही.

इथे मी मूर्खपणा केला. शांतपणे बघायचं सोडून रीबूट मारला. विंडोजची जुनी सवय, जात नाही.

रीबूटनंतर परत डीएफ. तेच, 217 जीबी वापरलेले. बरं, मग कोणी खाल्ली जागा ते बघू म्हणून डीयू लावलं, एकेक फोल्डर मोजत खाली आलो. फोटो 140, सिस्टिम, डॉकर, लॉग सगळं धरून 163 जीबी. दोनदा मोजलं. तीनदा मोजलं. डीएफ म्हणतंय 217, डीयू म्हणतंय 163. मधले 54 जीबी कुठल्याच फोल्डरमधे नाहीत आणि तरी डिस्क भरलेली.

हे म्हणजे कपाट गच्च भरलंय पण उघडलं की एक कप्पा रिकामा दिसतोय आणि हात घातला तर हात जात नाही.

एक शक्यता माहीत होती, एखादी फाइल डिलीट केलेली असते पण कुठल्यातरी प्रोग्रॅमने ती उघडी धरून ठेवलेली असते, मग ती दिसत नाही पण जागा सोडत नाही. पण ती रीबूट केल्यावर सुटते, आणि मी तर करून बसलो होतो. मग वाटलं फाइलसिस्टिम बिघडली, काल रात्री लाइट लुकलुकत होती. तेवढ्यात साबुदाणा वडे आले, ते गार होईपर्यंत मी स्क्रीनकडे बघत बसलेलो, बायको म्हणाली आधी खा, डबा पळून जात नाहीये.

आणि खाताखाता काल रात्रीचीच लाइट डोक्यात फिरत राहिली. साडेनऊला पाऊस जोरात सुरू झाला, लाइट गेली, आली, परत गेली, वीस मिनिटांनी आली. मला काही टेन्शन नव्हतं कारण लॅपटॉपला बॅटरी आहे, मी तर मित्रांना फुशारकीने सांगत असतो की माझ्या सर्व्हरला यूपीएस फुकट आलाय. लॅपटॉप चालूच राहिला. पण हार्डडिस्क? ती अडॅप्टरवर. लॅपटॉप जिवंत आणि बॅकअपची डिस्क गायब! लाइट आल्यावर डिस्क फिरायला लागली असेल, लिनक्सला दिसली पण असेल, पण परत माउंट झाली नाही, म्हणजे वापरायला जोडली गेली नाही. आणि रात्री 2 ला ठरल्याप्रमाणे बॅकअपचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) धावला.

माउंट पॉइंट म्हणजे शेवटी एक साधा रिकामा फोल्डर असतो. डिस्क जोडली की ती त्या फोल्डरवर बसते. डिस्क नसेल तर फोल्डर तसाच असतो, एसएसडीवरच. आरसिंक, हे कॉपीचं काम करणारा प्रोग्रॅम, बिचारा 1996 पासून जगात आहे, त्याला सांगितलं होतं या फोल्डरात फोटो कॉपी कर, त्याने केले. त्याच एसएसडीवरचे फोटो त्याच एसएसडीवर, जागा संपेपर्यंत. मग सकाळी मी रीबूट केला, या वेळेस डिस्क नीट माउंट झाली आणि बरोब्बर त्या 54 जीबीवर जाऊन बसली. जुन्या गोधडीवर नवी चादर घातल्यासारखी. डीयूला वरची चादर दिसते, खालची गोधडी कशी दिसेल?

वडा हातात तसाच, उठलो, डिस्क अनमाउंट केली, फोल्डरमधे बघितलं. सगळे तिथेच. 54 जीबी. दादाच्या पानांसकट. मी इतक्या जोरात "सापडलं" म्हणून ओरडलो की आईने देवघरातून काय हरवलं होतं म्हणून विचारलं.

ते उडवले (उडवायच्या आधी तीनदा खात्री केली की डिस्क खरंच अनमाउंट आहे, नाहीतर खरा बॅकअपच उडाला असता, हात थरथरत होता), डेटाबेस उठला, इमिच उठलं, दादाला फोन केला.

पण दुपारभर एकच गोष्ट डोक्यातून जाईना. हा घोळ मीच पेरला होता. मार्चमधे असंच लाइट जाऊन आल्यावर ही डिस्क वेळेत जागी झाली नाही आणि बूट होताना लिनक्स इमर्जन्सी मोडमधे जाऊन बसलं, स्क्रीन तर मी काढलेली, टीव्हीला एचडीएमआय लावून सोडवलं होतं. तेव्हा एफएसटॅबमधे (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) नोफेल टाकलं, म्हणजे डिस्क नसली तरी गप पुढे चालायला लाग. तो चालायला लागला. गपच. मी त्याला बोंब मारू नको असं सांगितलं आणि त्याने ऐकलं.

आणि उलटं असतं तर? गेल्या महिन्यात विचार करत होतो की फोटो मोठ्या डिस्कवर हलवू आणि बॅकअप दुसरीकडे घेऊ. माझ्या आरसिंकला डिलीटचा पर्याय लावलेला आहे, म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाक. मूळ डिस्क गायब, फोल्डर रिकामा, म्हणजे बॅकअपही रिकामा करून ठेवला असता त्याने रात्री 2 ला, शिस्तीत. पोटात गोळा आला.

संध्याकाळी दादाला हे सगळं सांगितलं, त्याच्या भाषेत. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "विहिरीत पाणी आहे का ते न बघता मोटर ऑटोवर टाकून ठेवलीस तू. ड्राय रन झाली तुझी मोटर." मी हसतच सुटलो कारण आरसिंकमधे पण ड्राय रन आहे, पण तिथे त्याचा अर्थ रंगीत तालीम, काही न करता नुसतं दाखव काय करशील ते. आणि ती मी दोन वर्षांत एकदाही केली नव्हती. दादा म्हणे आमच्या स्टार्टरला त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं, पाणी नसेल तर मोटर उचलतच नाही.

तेच केलं मग. स्क्रिप्टच्या तोंडाशी एक ओळ, डिस्क खरंच माउंट आहे का बघ, नसेल तर बाहेर पड आणि माझ्या मोबाइलवर मेसेज टाक. शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर नावाच्या कमांडने कुलूप लावलं, आता रूटलासुद्धा (लिनक्समधल्या सर्वाधिकारी युजरला) त्यात काही लिहिता येत नाही, डिस्क वर बसली की मात्र सगळं नेहमीसारखं. हे कुलूप मला आजच कळलं, इतकी वर्षं लिनक्स वापरून.

अकराला सगळे झोपल्यावर तपासून बघितलं. बॅकअपच्या डिस्कचा अडॅप्टर सरळ उपसला. स्क्रिप्ट चालवली, मोबाइल वाजला. मग ती नवी ओळ मुद्दाम काढून नुसता आरसिंक चालवला, ऑपरेशन नॉट परमिटेड, ऑपरेशन नॉट परमिटेड, खाली ओळीच ओळी. एरर बघून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

अडॅप्टर परत लावताना लक्षात आलं की चपलांच्या कपाटाजवळचं सॉकेट इन्व्हर्टरवर नाहीच आहे. दोन वर्षं. शेजारचं, ज्याला बायकोचं डास मारायचं मशीन लावलेलं असतं, ते आहे. मशीन काढून डिस्क लावली आहे, सकाळी उठायच्या आत तिला सांगायला पाहिजे.