ग्रीनरूमबाहेरची रांग

"बाय, फोटो नाही काढला, पण त्यांचा हात हातात घेतला तेव्हा बोटावरचा तंबोऱ्याच्या तारेचा घट्टा लागला," असे काल पणजीत, कला अकादमीतील मैफलीनंतर, गायिकेला भेटायच्या रांगेत माझ्या पुढे असलेल्या आजी ग्रीनरूममधून बाहेर येताना मला म्हणाल्या.

मी मात्र आत गेले, आवडत्या गायिकेशेजारी उभी राहिले, तीन फोटो काढून घेतले आणि "छान झालं" एवढेच बोलून बाहेर पडले. ज्या मारवा रागाने मध्यंतरापूर्वी डोळ्यांत पाणी आणले होते, त्याविषयी एक शब्दही तोंडातून निघाला नाही. (तिन्ही फोटोंत मी मोबाइलकडेच पाहते आहे, हे घरी आल्यावर कळले.)

रात्री उशिरापर्यंत सगळ्यांचे फोटो येत राहिले. प्रत्येकात तीच भिंत आणि गायिकेच्या केसांत तीच अबोलीची फाती (गजरा). आमच्या गोव्यातल्या केरीच्या थोर गायिका केसरबाई केरकर यांना ध्वनिमुद्रणाचेही फारसे अप्रूप नव्हते, तरी त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्यांना प्रत्यक्ष ऐकलेले माझे आजोबा, जवळ एकही छायाचित्र नसताना, त्यांचा सूर नेमका कुठे थांबला होता हे हवेत हात धरून दाखवत असत.

फोटो खाली देत आहे. त्यातला कालच्या गायिकेचा उजवा हात मी मोठा करकरून पाहिला, पण तो घट्टा मला काही सापडला नाही. तुमच्यापैकी कुणाच्या फोटोत दिसतो का?